तोंड थांबलं की पान लागलं

पाशामियाँचा मला राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागलो की वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायला नको. माणूस कौतुकाचाच आहे. नालायक माणसाचा राग मी धरत नाही. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म काढला, नालायकांना मी पुढच्या थांब्यावर उतरवतो आणि विसरतो.

अर्धापूरच्या जुन्या बाजारात मियाँचं शिलाईचं दुकान आहे. एक खोली, दोन मशिनी आणि पुढं पत्र्याची पडवी. वडील नेहरू शर्ट आणि पायजमे शिवायचे, मियाँनी तेच उचललं. एके काळी लगीनसराईत या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. मग रेडीमेड कपडे आले आणि मियाँकडं पँटीची उंची कमी करणं, चेन बदलणं, पोरांच्या दप्तरांना टाके घालणं एवढंच उरलं. पहले मी माणसाचं माप घ्यायचो, आता दुसऱ्यानं शिवलेलं उसवून राहिलो, असं ते हसत सांगतात. हसतात खरे, पण ते त्यांना लागलेलं आहे.

वडिलांचा एक नियम त्यांनी आजवर मोडला नाही. शिंप्यानं तोंडात तंबाखू धरायची नाही. पांढऱ्या कापडावर एक शिंतोडा उडाला की कापड गेलं आणि गिऱ्हाईकही गेलं. त्यामुळं आमच्या सगळ्या बैठकीत तंबाखूची चव माहीत नसलेला हा एकच गडी. बाकी आम्ही सगळे सकाळपासून बार भरून बसलेले.

दुपारी ऊन तापलं की पडवीत तीन पत्त्यांची तिर्रट बसते. पैसे लावत नाही. मागं एकदा पोलिसांची गाडी दारात उभी राहिली, तेव्हापासून चिंचोक्यांवर खेळतो. तरी हरल्यावर माणसं अशी तोंडं पाडतात, जणू वावर हातचं गेलं. त्यात भगवानराव पहिले. केळीचे मोठे बागायतदार, गावात चार माणसं त्यांना उठून राम राम घालतात, आणि मूठभर चिंचोके हरले की दिवसभर बायकोवर खेकसतात.

मियाँ पत्त्यांकडं फारसं बघतच नाहीत. आपली तीन पानं उलटी ठेवायची आणि समोरच्याचं माप घ्यायचं. कुणाचा डावा खांदा उतरलाय, कोण पोट आत ओढून उभा राहतो, हे कापड बेतताना त्यांना बघावंच लागायचं. ती नजर इथं कामाला आली. भगवानरावांना चांगलं पान लागलं की ते बोटातली अंगठी फिरवतात. मला लागलं की माझी बडबड बंद पडते. हे मियाँनी सांगितल्यावर मी मुद्दाम जास्त बडबडायला लागलो, तर म्हणाले, आता तुमी बोलता, पण मध्ये दम घेत न्हाई. मी पत्ते टाकून दिले.

त्यांचा हुकमी नियम मात्र तोंडाचा. खेळणारे सगळे तंबाखू-सुपारी चघळत असतात. ज्याचा जबडा चालता चालता मध्येच थांबला त्याच्याकडं मोठं पान आलं समजायचं. तोंड थांबलं की पान लागलं, असं म्हणून ते आपली पानं खाली टाकायचे. हा नियम चुकलेला मी पाहिला नाही. पण तो चिंचोक्यांसाठीचा नियम होता, आणि तिथंच राहायला हवा होता.

गावानं तो तिथं राहू दिला नाही. आधी कुणाचा मोबाइल हरवला म्हणून दोघा पोरांना मियाँसमोर उभं केलं, आणि योगायोगानं मियाँनी दाखवलेल्या पोरानंच तो काढून दिला. झालं. मग लोक मुलीसाठी आलेलं स्थळसुद्धा त्यांना दाखवायला लागले. नवरदेवाला शर्टाचं माप द्यायच्या निमित्तानं आणायचे. मियाँ गळ्याभोवती टेप धरून त्याला नोकरी विचारायचे, दारू विचारायचे, आणि तो गेल्यावर मान हलवायचे. या मान हलवण्यावर लग्नं मोडली. मी तेव्हाच मियाँशी भांडलो होतो. माझ्या गाडीत सगळ्यात घाबरलेला माणूस तिकीट मुठीत घट्ट धरून बसलेला असायचा, आणि विनातिकीट असायचा तो इस्त्रीच्या धोतरातला, मला नांदेडची खबर विचारणारा. चेहरा बघून मी एकालाही दंड केला नाही. तिकीट मागितलं. मागायला जीभ लागते, बाकी काही लागत नाही.

सुलतानबी, म्हणजे मियाँच्या बायको, माझ्याही पुढं जाऊन बोलायच्या. दिलातलं जाणणारा वर बसलाय, त्याचं काम तुमी कामून करता, असं त्या आतून विचारायच्या. मियाँ ऐकायचे नाहीत. ऐकणार कसे? ज्याच्या दुकानात कुणी नवा शर्ट शिवायला येत नाही, त्याच्या दारात भगवानरावांची गाडी थांबायला लागली होती. म्हातारपणी मिळालेला मान सोडवत नाही. हे मला कळतं, आणि तरी मी ते माफ करत नाही.

फाल्गुनात मी मुलीकडं, स्वप्नालीकडं, लातूरला गेलो होतो. तेवढ्यात इकडं भगवानरावांच्या विहिरीवरची पाणबुडी मोटारीची केबल चोरीला गेली. तांब्यासाठी नेतात. आमच्या भागात हे नवं नाही, आणि त्यासाठी पोलीस ठाणं आहे. भगवानरावांनी तक्रार दिली नाही. पोलीस पंचनामा करतात, मग दहा वर्षांचं वीजबिल निघतं, आकडा टाकल्याचं निघतं. त्यांनी ठाण्याऐवजी पाशामियाँना गाडीत घातलं आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर नेलं.

संशय लखनवर. लखन त्यांचा सालगडी. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं, आणि त्या दिवशी मालक पुन्हा धरतो की दुसरा धरतो यावर गड्याच्या घरची चूल. लखनला भगवानराव दरसाल स्वतःहून धरत आलेले. केळीच्या बागेला पाणी द्यायला रात्रीबेरात्री उठणारा दुसरा माणूस त्यांना मिळाला नव्हता. तो बागेतच राहतो, बायको कावेरीबाईही तिथंच राबते. विहिरीच्या जवळ राहतो म्हणून चोर तोच, एवढाच पुरावा.

पुढचं मला आखाड्यावर हजर असलेल्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना लाज वाटत नव्हती. मियाँना बाजेवर बसवलं, लखनला समोर जमिनीवर. भोवती भगवानराव आणि आमच्या तिर्रटीतले बाकीचे. मियाँ आधी इकडचं तिकडचं बोलले. गाय किती देते, घड कधी उतरणार, कुत्रं कुठं गेलं. लखन तंबाखू-सुपारी चघळत उत्तरं देत होता. मग मियाँनी केबलचं नाव काढलं आणि लखनचा जबडा थांबला. त्यानं घोट गिळला. तोंड एका बाजूला फिरवलं, हात ओठांवर नेला, मान खाली घातली. थोड्या वेळानं कपाळावर घाम आला, चेहरा पांढरा पडला आणि तो हातावर टेकून बसला.

मियाँ म्हणाले, "पान याच्याकडं हाय."

बस्स. तेवढ्यावर लखन चोर झाला. भगवानरावांनी पाडव्याला साल संपलं की बाहेर हो म्हणून सांगितलं आणि शेजारच्या बागायतदारांनाही कळवलं. लखन एक शब्द बोलला नाही. बोलला नाही हासुद्धा पुरावा झाला.

मी लातूरहून आलो तो हे ऐकून माझं डोकं फिरलं. सरळ पडवीत गेलो. मियाँ कुणाच्या तरी पँटीची शिवण उसवत होते. मी विचारलं, केबल सापडली का? नाही. कुणी विकताना पाहिलं? नाही. मग कशावरून? त्यांनी जबड्याचं सांगितलं, घामाचं सांगितलं, आणि वर म्हणाले, इतक्या वर्षांत आपला नियम चुकला का ते सांगा. मी म्हणालो, चुकला तर तुमचे चार चिंचोके जातात, त्याचं घर जातं. त्यांची कात्री शिवणीतून सुटून कापडात गेली.

तिथून मी बागेत गेलो. लखन केळीच्या वाळलेल्या पानांचा ढीग करत होता. आधी काही सांगेना. मी त्याला शिव्या घातल्या, मग विनवलं, मग पुन्हा शिव्या घातल्या. शेवटी एवढंच विचारलं की बाबा, तुझं तोंड कामून थांबलं?

तो इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "मामा आल्ते, काका. मियाँच्या मागून, बांधावरून."

मामा म्हणजे त्याचे सासरे, हिमायतनगरकडचे सटवाजी. माळकरी माणूस. कांदा लसूण नाही, व्यसन नाही, आणि लेक देताना त्यांनी एकच अट घातली होती, जावई निर्व्यसनी पाहिजे. लखननं हात जोडून हो म्हटलं होतं. तंबाखू त्याला लग्नाआधीपासूनची, ती काही सुटली नाही, पण सासऱ्यासमोर त्यानं कधी तोंड हलवलं नाही. आमच्याकडं धाकट्यानं थोरल्यासमोर खायची नसतेच, इथं तर वर शब्द दिलेला. त्या दिवशी चोरीचा आळ आल्याचं कावेरीबाईनं वडिलांना फोनवर कळवलं, ते मिळेल त्या गाडीनं निघाले, आणि नेमके केबलचं नाव निघालं तेव्हा बांधावर उगवले. थुंकायचं तर सगळ्यांसमोर थुंकावं लागलं असतं. लखननं आख्खा बार गिळला.

मग तेव्हाच सांगायचं ना, म्हणून मी ओरडलो. तो म्हणाला, मामा बाजूलाच बसलेले, त्यांच्यासमोर काय सांगू, तंबाखू गिळली म्हणून? चोर म्हणले तर मालक म्हणले. मामासमोर शब्द मोडला असता तर तो मी मोडला असता.

आता माझा राग कुणावर काढायचा ते तुम्हीच सांगा. मियाँची पाठ बांधाकडं होती, त्यांना सासरा येताना दिसला नाही. पण बाकीच्यांना दिसला! त्यांनी राम राम घातला, पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. आणि हे सगळे तंबाखूवर वाढलेले. बापाची चाहूल लागताच यांनीही पोरपणी बार गिळलेत. तंबाखू पोटात गेली की घेरी येते, गार घाम फुटतो, हे ज्याला माहीत नाही असा एक मियाँ सोडला तर तिथं कुणी नव्हता. कुणाच्याही तोंडून शब्द निघू नये? एका माणसाला अक्कल सोपवली की बाकीच्यांनी आपली गहाण ठेवायची, असा काही कायदा आहे का?

मी मियाँना सांगायला परत गेलो. ते ऐकून घेत होते, पण मानत नव्हते. तोंड थांबल्याचं ठीक हाय, म्हणाले, पण घाम? तंबाखूनं घाम येतो होय?

सुलतानबी आतल्या दारात बसून बटणं लावत होत्या. त्या म्हणाल्या की नातीच्या, कशिशच्या लग्नात पाहुणे समोर आले म्हणून पानातला जर्दा त्यांनी गिळला होता, आणि मग बायकांनी पंख्याखाली निजवून कांद्याचा वास दिला होता. "तुमाला वाटलं, मी पोरगी चालली म्हणून रडून राहिले. अख्खा निकाह तुमी लोकाला तेच सांगत होते."

मियाँनी मशीन थांबवली. नात सासरी गेल्याचं दुःख म्हणून त्यांनी जे आजवर कौतुकानं सांगितलं होतं तो जर्दा निघाला. त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, चला, भगवानरावांकडं.

भगवानराव आम्हाला दारातच भेटले. मियाँनी सांगितलं की माझी चूक झाली, लखन चोर न्हाई. सांगताना त्यांची नजर खाली होती. आवाज कापत होता. स्वतःची चूक सांगायला गेलेल्या म्हाताऱ्याचा आवाज कापणार नाही तर काय होणार? भगवानराव हसले आणि म्हणाले, मियाँ, तुमीच शिकवलं ना, नजर खाली गेली की माणूस फसवतो म्हणून. कावेरी रडत आली असेल तुमच्याकडं. चोर म्हणाला होतात तेव्हा कसं छाती काढून म्हणाला होतात.

माझी लाही लाही झाली. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. त्यावर ते म्हणाले की एवढंच असेल तर सासऱ्याला आणा आणि त्याच्यासमोर बोलायला लावा लखनला.

आणलं. लखन तयार नव्हता, कावेरीबाईनं तयार केलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी पडवीत सगळे जमले. पत्ते नव्हते. सटवाजी पांढरा पटका बांधून खांबाला टेकून बसले होते. लखन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला, खिशातली तंबाखूची पुडी काढली, त्यांच्या पायाशी ठेवली आणि त्या दिवशी काय झालं ते सांगितलं. सांगताना त्यानं वर बघितलं नाही.

सटवाजी म्हणाले, "लेकीनं लग्नाच्या सालीच सांगितलं मला. तुमी माझ्यासमोर खाल्ली न्हाई, जावाई, मला तेवढं लई होतं."

मला वाटलं, संपलं. एवढं ऐकून कोण उरतो? पण भगवानराव उरले. ते मियाँकडं वळून म्हणाले, म्हाताऱ्याचं तोंड बघा बरं जरा, जावयाला झाकायला बोलतोय की खरं बोलतोय.

सगळ्यांच्या माना मियाँकडं वळल्या. इतकं झाल्यावरही वळल्या! मियाँनी सटवाजींकडं बघितलंसुद्धा नाही. "मला न्हाई येत," ते म्हणाले. "पत्त्यात येतं. माणसाचं न्हाई येत. कुणी आता मला इचारू नका."

भगवानराव उठले, चपला घातल्या, आणि साल काही आता मी धरणार न्हाई, गावात बोभाटा झालाय, एवढं बोलून गेले. बोभाटा यांनीच केलेला. दुसऱ्या दिवशी पाडव्याला गावातले गडी धरले गेले, लखनला कुणी धरला नाही. ज्या बागायतदारांना फोन करून चोर सांगितला होता, त्यांना फोन करून साव आहे हे सांगायला भगवानरावांचा मोबाइल उचलत नव्हता. मी आणि मियाँ दोघं दारोदार फिरलो. मियाँ प्रत्येक ओसरीवर तेच बोलले, चूक माझी हाय. लोकांनी चहा पाजला आणि बघू म्हणाले.

सटवाजी लेकीला आणि जावयाला हिमायतनगरला घेऊन निघाले. स्टँडवर सोडायला मी गेलो, मियाँही आले. कावेरीबाई भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. गाडीला वेळ होता. सटवाजींनी बंडीच्या खिशातून ती तंबाखूची पुडी काढली आणि लखनच्या हातात दिली. घ्या, म्हणाले, लांबचा पल्ला हाय, मी काई मनत न्हाई.

लखननं पुडी घेतली. हातात धरली, पण उघडली नाही. तोंड एका बाजूला फिरवलं, घोट गिळला आणि मान खाली घातली.

मियाँनी माझा दंड धरला. "हेच," ते म्हणाले. "कंडक्टरसाब, हेच तोंड होतं. मी याला चोर मनलो."

गाडी आली. लखन वर चढून सामान घ्यायला लागला, आणि मियाँ खाली उभे राहून त्याला एक एक पोतं देत राहिले.